साबेर: चव लागणं, माहीत असणं, पोहता येणं, सगळं एकाच क्रियापदात

चिंचगुळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज एकदाचा लिहून काढतेय, जरा लांबण लागेल.

मी बार्सिलोनात राहते, तिसरं वर्ष चालू आहे. आमच्या खालच्या मजल्यावर सत्तरीच्या एक आजी आहेत, शनिवारी आम्ही दोघी मिळून मंडईत जातो. मागच्या महिन्यात त्यांनी छान लालबुंद टोमॅटो घेतले, घरी आल्या आल्या एक चिरला, मीठ लावून फोड तोंडात टाकली आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "नो साबे आ नादा". आता साबे म्हणजे 'त्याला माहीत आहे', हे मला क्लासच्या दुसऱ्या आठवड्यापासून पाठ. मग टोमॅटोला काय माहीत नाही? मी नुसती बघत राहिले. आजींनी दुसरी फोड माझ्या हातावर ठेवली. खाल्ली आणि कळलं. नुसतं पाणी. टोमॅटो कशासारखाच लागत नाही, असं म्हणत होत्या त्या.

त्या रात्री शब्दकोश उघडून बसले. स्पॅनिशमधलं साबेर हे लॅटिनच्या सापेरे वरून आलंय आणि लॅटिनमध्ये सापेरे म्हणजे चव असणं, चव कळणं, आणि अक्कल असणंसुद्धा. फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज, सगळीकडे हेच क्रियापद 'माहीत असणे' म्हणून रोज वापरतात. पण स्पॅनिशने चवीचा अर्थ सोडलेला नाही. "साबे आ लिमोन" म्हणजे लिंबासारखं लागतं. "साबे कोसिनार" म्हणजे तिला स्वयंपाक येतो. "साबे दोंदे एस्ता" म्हणजे कुठे आहे ते तिला माहीत आहे. तिन्हीकडे तेच साबे.

आता मला जे खरं सांगायचंय ते. मी स्पॅनिश शिकले इंग्रजीतून, आपल्यापैकी बहुतेक सगळे तसेच शिकतात कारण पुस्तकं तशीच मिळतात. आणि ह्या क्रियापदाशी मी वर्षभर झगडले. साबीया आणि सुपे, दोन्ही भूतकाळ, दोन्हीला इंग्रजीत एकच 'न्यू' (knew). बाईंनी तक्ते दिले, बाण काढून दिले, तरी परीक्षेत चुकायचंच. मग एक दिवस बसमध्ये आईचा फोन आला, ती म्हणाली "अगं तुला माहीत होतं का? मला तर आज कळलं". आणि डोक्यात लख्ख उजेड पडला! साबीया म्हणजे माहीत होतं. सुपे म्हणजे कळलं. संपला विषय. आपण हा फरक रोज करतो, न चुकता करतो, त्यासाठी कुणाला तक्ता लागत नाही. तसंच पोहण्याचं, "से नादार", त्यासाठी इंग्रजीतून आलं की 'कसं पोहायचं ते मला माहीत आहे' असा वळसा घ्यावा लागतो, आणि मराठीत? मला पोहता येतं. बस्स.

आणि चवीसाठी आपलं लागणे. हे क्रियापद मी आयुष्यभर वापरलं पण त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं. गोड लागतं, कडू लागतं, खारट लागतं. आणि पत्ता लागला, छडा लागला, सुगावा लागला. म्हणजे चव आणि शोध आपल्याकडेही एकाच क्रियापदात राहतात की! मुळं वेगळी आहेत हे मान्य, साबेर आणि लागणे ह्यांचं काही नातं नाही, पण डोक्यातली वाट तीच आहे असं मला मनापासून वाटतं.

म्हणून म्हणते, स्पॅनिश शिकताना डोक्यात मराठी चालू ठेवा. "मे गुस्ता" पण बघा, मला आवडतं, अगदी तस्संच, आवडणारी वस्तू कर्ता आणि आपण 'मला'. आणि गंमत म्हणजे गुस्तार ज्या लॅटिन गुस्तारे वरून आलं त्याचाही अर्थ मुळात चाखणेच.

इतर भाषा शिकलेल्यांनी ह्या क्रियापदाबद्दल लिहा प्लीज. इटालियनमध्ये चव टिकलीय का? फ्रेंचमध्ये? आणि त्या मुद्दाम तयार केलेल्या भाषांमध्ये, एस्पेरांतो वगैरे, त्यांनी काय केलं?

पारवा

मस्त धागा! 'माहीत होतं' आणि 'कळलं' वाचून वहीत लिहून ठेवलं, फ्रेंचमध्ये पण हीच भानगड आहे. "झ साव्हे" माहीत होतं आणि "झे स्यु" कळलं.

फ्रेंचमध्ये साव्वारला चव राहिलेली नाही. चवीसाठी साव्हर हे नाम आहे, ते लॅटिनच्या सापोर वरून, म्हणजे त्याच घरातलं, पण क्रियापद फक्त माहितीचं आणि येण्याचं. "झ से नाझे", मला पोहता येतं.

मी चार वर्षं ब्रसेल्सला होतो. पॅरिसकडचं फ्रेंच शिकून गेलेलो. पहिल्याच आठवड्यात ऑफिसातला एकजण म्हणाला "झ न से पा व्निर दमँ". शब्दशः घेतलं तर 'उद्या कसं यायचं ते मला माहीत नाही'. मी त्याला चक्क मेट्रोचा रस्ता समजावून सांगायला लागलो, तो बघतच राहिला. मग कळलं की बेल्जियममध्ये साव्वार 'शक्य असणे' ह्या अर्थानेही सर्रास वापरतात, जिथे फ्रान्समध्ये पुव्वार म्हणतील. त्याला एवढंच म्हणायचं होतं की उद्या मला येता येणार नाही.

आणि आत्ता तुमचा धागा वाचताना लक्षात आलं, मराठीत मला पोहता *येतं* आणि मला उद्या येता *येणार* नाही. कौशल्य आणि शक्यता, दोन्हीला येणे! बेल्जियमवाल्यांनी जे केलं तेच आपणही केलंय.

उंबरठा

फार आवडलं. एक शंका. फ्रेंचमध्ये विद्वानाला साव्हां म्हणतात ना, तो ह्याच क्रियापदातला का? आणि आपल्या सावंतांशी त्याचा काही संबंध असेल का? आमच्या गावात एक मास्तर ठामपणे सांगायचे की आहे म्हणून.

ओवी

@उंबरठा, साव्हां ह्याच क्रियापदातला, 'जाणणारा'. पण सावंतांशी संबंध नाही. सावंत आलाय सामंत वरून. मराठीत दोन स्वरांमधला म पुष्कळदा व होतो, ग्रामचं गाव, नामचं नाव, तसंच सामंतचं सावंत. साव्हांमधला व मात्र प पासून आलाय. दिसायला शेजारी, पण दोन टोकांकडून आलेले.

आणि तो प कसा बदलला ते बघण्यासारखं आहे. लॅटिन सापेरे. इटालियनने प ठेवला, सापेरे. स्पॅनिश-पोर्तुगीजने त्याचा ब केला, साबेर. फ्रेंच अजून पुढे गेली, व, साव्वार. प, ब, व अशी पायरी पायरीने उतरण. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला प मऊ होत जातो. हे परकं वाटायचं कारण नाही, आपल्या घरातही तेच झालंय. संस्कृत दीप, मराठी दिवा. ताप, ताव. कपाट, कवाड. साव्वारमधला व आणि दिव्यातला व ह्यांची रीत एकच.

अजून एक. अभिजात लॅटिनमध्ये सापेरेतला मधला ए ऱ्हस्व होता, आघात सा वर. बोलीभाषेत तो दीर्घ झाला आणि आघात त्याच्यावर सरकला. फ्रेंचमध्ये शेवटी जे 'व्वार' ऐकू येतं ते त्या दीर्घ ए मुळेच.

पण सगळ्या रोमान्स भाषांनी, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या भाषांनी, सापेरे घेतलं असं नाही हं. लॅटिनमध्ये 'माहीत असणे' ह्यासाठी मुख्य क्रियापद होतं स्कीरे, ज्याच्यावरून सायन्स आला. बहुतेक ठिकाणी सापेरेने त्याची जागा खाल्ली. रोमानियनमध्ये मात्र अजून 'आ श्ती' आहे, स्कीरेचंच. सार्डिनियातही इस्कीरे टिकलंय. आणि फ्रेंच पंडितांचा तर मध्ये एवढा गोंधळ झाला की साव्वार स्कीरे वरूनच आलं असणार असं समजून त्यांनी स्पेलिंगमध्ये एक क घुसवला. उच्चारात कधीच नव्हता. पुढे १८ व्या शतकात तो काढून टाकला.

ताकभात

इटालियनबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. मी तोरिनोला शिकायला होतो. इटालियनमध्ये चव टिकलीय, नुसती टिकली नाही तर तिच्यात वासही आलाय. "सा दि..." म्हणजे अमुकसारखं लागतं किंवा अमुकचा वास येतो. वाइनची बाटली उघडली, बूच खराब निघालं, की म्हणतात "सा दि ताप्पो", बुचाचा वास मारतोय, आणि बाटली परत जाते. एखादा माणूस किंवा पुस्तक अगदीच नीरस असेल तरी "नॉन सा दि नियेन्ते". कसलीच चव नाही त्याला.

आणि 'मला माहीत आहे' म्हणजे "लो सो". एवढंसं. मी सुरुवातीला प्रत्येक गोष्टीला सो सो म्हणायचो.

इटालियनमध्ये पण "सापेव्हो" माहीत होतं, "ओ सापूतो" कळलं. चिंचगुळ ताई, तुमचं सूत्र इथेही चालतं, पुढच्या बॅचच्या मुलांना सांगणार आहे.

मांडवीकाठ

माझी आजी पणजीची, १९६१ च्या आधी पोर्तुगीज शाळेत शिकलेली. घरात कोकणी बोलायची पण काही शब्द पोर्तुगीजच. उन्हातून आल्यावर माठातलं गार पाणी प्यायली की डोळे मिटून म्हणायची "साबे बेंय". आम्हाला वाटायचं पाण्याचं नाव असेल. मोठेपणी लिस्बनला गेले तेव्हा कॅफेत शेजारच्या बाईंनी उन्हात खुर्ची ओढली, पाय लांब केले आणि अगदी आजीच्याच सुरात तेच म्हणाल्या. तिथे चव घ्यायला काहीच नव्हतं, नुसतं ऊन. साबे बेंय म्हणजे चवीला छान लागतं आणि जिवाला बरं वाटतं, दोन्ही. मला तिथे रडू आलं खरं सांगते, आजीला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

ब्राझीलकडचे लोक चवीसाठी साबेर फारसं वापरत नाहीत, ते "तेंय गोस्तु जि" म्हणतात, अमुकची चव आहे. पण पोर्तुगालमध्ये साबेर चवीसाठी अगदी जिवंत आहे.

आजीचं आणखी एक, "साबे देउश". देव जाणे! कोकणीत देव जाणा. आणि "केंय साबे" म्हणजे शब्दशः कोणाला माहीत, पण वापर 'कदाचित' सारखा, आपलं कोण जाणे.

ओवी

@मांडवीकाठ, किती सुंदर आठवण.

तुमच्या 'देव जाणे' वरून एक धागा पुढे ओढते. जाणणे, ज्ञान, जाणता, हे सगळं संस्कृतच्या ज्ञा धातूतलं. शहाणासुद्धा, सज्ञान वरून. आणि ह्या ज्ञाचा सख्खा भाऊ लॅटिनमध्ये आहे, नोस्केरे, जुनं रूप ग्नोस्केरे. त्याला को जोडून झालं कोग्नोस्केरे आणि त्याच्यावरून स्पॅनिश कोनोसेर, फ्रेंच कोनेत्र, इटालियन कोनोशेरे. म्हणजे साबेर आपलं पाहुणं, पण कोनोसेर रक्ताचं नातेवाईक. इंग्रजीतलं 'नो' (know) पण त्याच कुळातलं, स्पेलिंगमधला न बोलला जाणारा क त्या ग ची खूण.

अर्थाने मात्र कोनोसेर म्हणजे ओळखणे. माणूस ओळखणे, गाव ओळखीचं असणे. आणि चिंचगुळचं सूत्र इथेही लावा, "कोनोसीया" मी ओळखत होतो, "कोनोसी" ओळख झाली.

शंकासुर

धागा चांगला चाललाय पण एका गोष्टीला हरकत घ्यायची आहे. आधी चव आणि मग त्यातून ज्ञान, असा क्रम गृहीत धरून सगळे बोलतायत. कशावरून? जुन्यात जुना माणूस आधी जिभेने विचार करायचा असं मानायला छान वाटतं म्हणून का? शरीराचा अर्थ आधी आणि मनाचा नंतर हा नेहमीचा क्रम आहे हे मान्य, पण नेहमीचा म्हणजे सिद्ध झालेला नव्हे. पुरावा द्या.

ओवी

@शंकासुर, हरकत योग्य आहे. क्रम सिद्ध करता येईल असं मी म्हणणार नाही. पण रोमन लोकांना दोन्ही अर्थ एकत्र ऐकू येत होते ह्याला पुरावा आहे, आणि तो चांगला आहे.

रोमन वक्ता आणि लेखक सिसेरोने सुखाबद्दलच्या वादात ह्या क्रियापदावर एक वाक्य बेतलंय. ज्याच्या काळजाला सापेरे आहे त्याच्या टाळूला ते नसेलच असं काही नाही, ह्या अर्थाचं. म्हणजे शहाण्या माणसाला खाण्यातलंही कळू शकतं. एकच क्रियापद दोनदा, एकदा काळजासाठी एकदा टाळूसाठी. वाचणाऱ्याच्या कानाला दोन्ही अर्थ ताजे असल्याशिवाय असं वाक्य लिहिता येत नाही.

आणि पुढे सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिदोर. त्याने शब्दांच्या मुळांचा प्रचंड कोश केला, त्यातली बरीच मुळं आज टिकत नाहीत, पण सापिएन्स बद्दल तो म्हणतो की शहाण्याला हे नाव चवीवरून मिळालं, कारण जीभ जशी पदार्थापदार्थातली चव निवडते तसा शहाणा माणूस गोष्टी आणि त्यांची कारणं निवडून ओळखतो. मला हे फार पटतं. चव घेणं म्हणजे फरक कळणं. गूळ आणि काकवी दोन्ही गोडच, पण ज्याला फरक सांगता येतो त्याला आपण म्हणतो, ह्याला कळतं.

प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये आपल्या सगळ्यांना होमो सापिएन्स असं नाव दिलं ते ह्याच क्रियापदाचं रूप.

शंकासुर

हे उत्तर पटलं. क्रम बाजूला ठेवू, दोन्ही अर्थ रोमन कानाला एकत्र ऐकू येत होते हे मान्य. रोमन कवी होरेसचं 'सापेरे आउदे' पण आठवलं, जाणण्याचं धाडस कर. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८४ च्या निबंधात तेच उचलून प्रबोधनाचं ब्रीद म्हणून मांडलं. तिथे चव कुणाच्या मनात येत नाही, आता मात्र दर वेळी येणार.

हिरवा_तारा

एस्पेरांतोबद्दल विचारलंय, माझा विषय! बारा वर्षं शिकतोय, बोलतोय, पत्रव्यवहार करतोय.

झामेनहॉफने १८८७ मध्ये एस्पेरांतोचं पहिलं पुस्तक काढलं. त्याने सापेरे घेतलंच नाही. त्याने घेतलं स्कीरे, म्हणजे ओवी ताईंनी सांगितलेलं ते मागे पडलेलं क्रियापद. स्त्सिइ. "मी स्त्सियास", मला माहीत आहे. हो, स् आणि त्स् एकदम, सुरुवातीला जीभ अडते, आरशासमोर उभं राहून सराव करावा लागतो. ओळखण्यासाठी वेगळं, कोनी. येण्यासाठी जोडशब्द, स्त्सिपोवी, माहीत असणे अधिक शक्य असणे. आणि चवीसाठी दोन, पदार्थ कसा लागतो त्याला गुस्ती आणि आपण चाखतो त्याला गुस्तुमी. म्हणजे मराठीचं लागणे आणि चाखणे! झामेनहॉफचा कटाक्ष हा की एका शब्दाने एकच काम करावं, शिकणाऱ्याला संभ्रम नको. पण सापेरे मागच्या दाराने आलंच, शहाण्याला एस्पेरांतोत साजा म्हणतात, ते फ्रेंच साझ वरून, आणि साझ सापेरेच्याच घरातला.

गणितज्ञ पेआनोने १९०३ मध्ये विभक्ती-प्रत्यय काढून टाकलेली लॅटिन मांडली, त्यातही स्कीरेच.

मग वारा फिरला. १९०७ मध्ये एस्पेरांतोत सुधारणा करून इडो निघाली, तिने स्त्सिइ टाकून सावार घेतलं. १९२२ मध्ये टालिनला एडगर दि वाल ह्यांनी ऑक्सिडेंटल काढली, तिच्यात साव्हेर. १९५१ मध्ये न्यूयॉर्कहून इंटरलिंग्वाचा कोश आला, तिच्यात सापेर. आणि १९९८ मध्ये इंटरनेटवर आलेल्या लिंग्वा फ्रांका नोवामध्ये साबे.

आता ओवी ताईंची प-ब-व ची उतरण डोळ्यासमोर ठेवा. इंटरलिंग्वाने प घेतला, लिंग्वा फ्रांका नोवाने ब, इडो आणि ऑक्सिडेंटलने व. दीड हजार वर्षं लोकांच्या तोंडात जे घडलं त्याच्या एकेका पायरीवर एकेक भाषा जाऊन बसलीय. ह्यातली इंटरलिंग्वाची रीत सगळ्यात विचारपूर्वक होती. इंग्रजी, फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश-पोर्तुगीज मिळून एक, अशा चार खांबांपैकी निदान तिघांत एखादा शब्द सापडला की तो घ्यायचा, पण घेताना कुठल्याही एकाचं रूप न घेता त्या सगळ्यांच्या मागचं समाईक रूप शोधायचं. साव्वार, सापेरे, साबेर ह्यांच्या मागे गेलं की प च लागतो. म्हणून सापेर. आणि चवीला सापोर. शेजारी शेजारी ठेवलं की नातं लगेच दिसतं, एस्पेरांतोत स्त्सिइ आणि गुस्तो शेजारी ठेवून काही दिसत नाही.

मी एस्पेरांतोचा माणूस आहे, तिच्यावर माझं प्रेम आहे, तरी प्रामाणिकपणे सांगतो, ह्या एका शब्दापुरती इंटरलिंग्वा जिंकली. एका शब्दाला एकच काम देण्यात सोय आहे हे खरं, पण आजींचा टोमॅटो त्या सोयीत हरवतो.

दर्यावर्दी

तयार केलेल्या भाषांचं झालं, आता बंदरात आपोआप तयार झालेल्या भाषांचं मी सांगतो. २२ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली.

पापुआ न्यू गिनीच्या लाए बंदरात आम्ही माल उतरवत होतो, मी तिथल्या एका कामगाराला काहीतरी विचारलं तर तो म्हणाला "मी नो सावे". मला वाटलं मराठी माणूस भेटला की काय, 'मी' ऐकून! तिथली टोक पिसिन भाषा, तिच्यात मी म्हणजे मी, आणि सावे म्हणजे माहीत असणे. पोर्तुगीज खलाशांनी साबे जगभर नेलं ते असं. आणि तिथे सावेला आणखी एक काम लागलंय, सवय दाखवायचं. "एम इ सावे काम" म्हणजे तो येत असतो, नेहमी येतो. माहीत आहे वरून जमतं, जमतं वरून नेहमी करतो.

नायजेरियात लागोसला गेलात तर "यू साबी?", तुला कळतंय का, येतं का. सुरिनाममध्ये साबी, कुरासावच्या पापियामेंतोत साबी, फिलिपिन्सच्या झांबोआंगात साबे. इंग्रजीतलं 'सॅव्ही', टेक सॅव्ही वगैरे आपण म्हणतो ना, तेही अशाच बंदरातल्या बोलीतून १८ व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत शिरलं. मला हे एवढ्यासाठी महत्त्वाचं वाटतं की परक्या माणसासमोर उभं राहिल्यावर सगळ्यात आधी जे दोन-चार शब्द लागतात त्यात 'कळलं का' हा असतोच.

आणि भूमध्य समुद्रावर तर अख्ख्या भाषेलाच ह्या क्रियापदाचं नाव पडलं, साबीर. अल्जियर्स, ट्यूनिस, त्रिपोली ह्या बंदरांत व्यापारी, खलाशी, गुलाम ह्यांच्यात चालायची. क्रियापदाला एकच रूप, मी साबीर, ती साबीर, ती म्हणजे तू. फ्रेंच नाटककार मोलिएरने १६७० च्या नाटकात एका पात्राच्या तोंडी ती घातलीय, "से ती साबीर, ती रेस्पोंदीर", माहीत असेल तर उत्तर दे, नसेल तर गप्प बस. आणि १८३० मध्ये फ्रेंच फौज अल्जियर्सवर निघाली तेव्हा मार्सेयला ह्या भाषेचा छोटा कोश छापला गेला.

उंबरठा

@दर्यावर्दी, 'माहीत' ह्या शब्दावरून भाषेला नाव, हे कधीच ऐकलं नव्हतं. मास्तरांना सावंत-सामंत पण सांगितलं आज फोनवर, ८४ वर्षांचे आहेत, म्हणाले लिहून पाठव.

समईवाली

मी भाषावाली नाही, रोज वाचणारी आहे. चव आणि कळणं एकत्र म्हटल्यावर मला ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आठवला, जिथे माऊली म्हणतात की रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील. कान ऐकतात ते समजण्यासाठी, पण माऊलींना समजणं पुरेसं वाटत नाही, चाखता आलं पाहिजे. आणि आपण रोज 'मला त्यात रस नाही' म्हणतो, 'रुची नाही' म्हणतो, दोन्ही शब्द चवीचेच. भरताच्या नाट्यशास्त्रातसुद्धा रस समजावताना जेवणाचाच दाखला आहे, नाना व्यंजनं एकत्र येऊन जसा रस होतो तसा. तेव्हा टोमॅटो नो साबे आ नादा म्हणणाऱ्या त्या आजी आपल्याच वाटल्या मला.

चिंचगुळ

सगळ्यांचे मनापासून आभार. पारव्याचं 'येता येणार नाही' आणि मांडवीकाठच्या आजी, दोन्ही मी नवऱ्याला वाचून दाखवलं.

एक राहिलंच होतं, कॅटलान. इथे रस्त्यावर स्पॅनिशइतकीच कॅटलान ऐकू येते. तिच्यात 'साबेर ग्रेउ' असा प्रयोग आहे. "एम साप ग्रेउ", शब्दशः मला जड लागतं, कडवट लागतं म्हणा, आणि अर्थ, मला वाईट वाटतंय, माफ करा. मागे खालच्या आजींच्या बहिणीचं झालं तेव्हा जिन्यात भेटेल तो हात हातात घेऊन हेच म्हणत होता. माझ्या तोंडून ते सहज निघेना, परकं वाक्य पाठ म्हटल्यासारखं वाटायचं. मग शंकासुरांना उत्तर शोधताना परत लागणे वर विचार करत होते आणि सापडलं, मनाला लागलं. आपण म्हणतोच की, त्याचं बोलणं मनाला लागलं, तिचं जाणं जिवाला लागलं. साप, लागतं. ग्रेउ, जड. आता म्हणता येतं.

काल शनिवार होता. मंडईतून आल्यावर आजींना वर बोलावलं आणि आपली चिंचगुळाची आमटी वाढली. पहिला घोट घेतला, थांबल्या, परत घेतला. मी विचारलं "आ के साबे?", कशासारखं लागतंय? त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, डोळे बारीक करून वाटीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या आंबट, पण लिंबू नाही, व्हिनेगर नाही, गोड आहे पण साखर नाही. मी डब्यातली चिंच काढून दाखवली. "आह, तामारिंदो!" शब्द माहीत होता त्यांना, चव माहीत नव्हती. मी सांगितलं की तो शब्द मुळात अरबीतला, तम्र हिंदी, हिंदुस्थानचा खजूर. चिंचेचं एक बोटूक त्यांनी चोखून बघितलं, बी वाटीच्या कडेला ठेवली, आणि "आओरा से", आता मला कळलं म्हणत आमटीचं पातेलं स्वतःकडे ओढलं.